उंच मनोरा आणि बुटकी तार



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हांला दोन-तीन फोन आले. ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे अँटेनाचं मध्येच काय काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. सगळी नोकरी आम्ही शब्द आणि अर्थ यांच्या नात्यावर बोलण्यात घालवली. पण शब्द या माणसाकडून त्या माणसाकडे पोचतो कसा, हे शिकायला निवृत्ती यावी लागली. साठी उलटल्यावर सरकारी परीक्षा दिली, हौशी रेडिओचा परवाना काढला, आणि मग कळलं की परवाना हा यातला सोपा भाग. अवघड भाग छपरावर असतो.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी एवढं सांगून टाकू या. हौशी रेडिओवाला परीक्षा देतो, सरकार त्याला व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारी एक सांकेतिक ओळख देतं, आणि तो आपल्या घरातून, आपल्या संचावरून, पैशाची देवघेव न करता जगातल्या अशाच दुसऱ्या माणसाशी बोलतो. अशा माणसांना हॅम म्हणतात. दोघांच्या मध्ये ना कंपनी, ना केबल. दोन टोकांना दोन तारा आणि मध्ये आकाश. आज बोलायचंय ते त्या तारेबद्दल, आणि ती ज्या काठीवर उभी राहते त्या काठीबद्दल. रायगडच्या किनाऱ्यावरून बोलायचं, तर ती काठी किती उंच हवी? प्रश्न गवंड्याला विचारावा असा वाटतो, पण उत्तर शोधायला लागलं की सव्वाशे वर्षांचा इतिहास मध्ये येऊन उभा राहतो.

सुरुवात मनोऱ्यापासून होत नाही. ती होते इथल्या, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेपासून. मुंबईला कुलाब्यात कंपनी सरकारची वेधशाळा होती. इमारत १८२६ची, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे १८४१पासून होत होत्या. विसावं शतक उजाडता उजाडता मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. आता विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि आसपासच्या जमिनीतून परत फिरतो, आणि वेधशाळेतली नाजूक सुई थरथरायला लागते. संचालक होते नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस, त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. वेधशाळेचं चुंबकीय काम उचलून समुद्रापलीकडे अलिबागला आणलं गेलं ते त्यांच्या कारकिर्दीत. इमारत पोरबंदरच्या दगडात बांधली, लोखंड कटाक्षाने टाळलं, जोडकाम तांब्या-पितळेचं केलं. १९०४ ते १९०६ दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी वही नव्या वहीला बिनचूक जोडता यावी. आणि १९०७च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली.

या दोन वर्षांच्या दुहेरी नोंदींचं आम्हांला फार कौतुक वाटतं. घाई करायला भरपूर कारण होतं, तरी केली नाही.

तुम्ही म्हणाल, याचा अँटेनाशी संबंध काय? एक तर हा की विजेच्या गोंगाटापासून पळून, शांतता शोधत या किनाऱ्यावर आलेली ही पहिली मंडळी. आजचा हॅम नेमकं तेच शोधत असतो. मुंबईच्या किंवा पुण्याच्या फ्लॅटमध्ये संच लावला तर चार्जर, एलईडी दिवे, लिफ्ट, इन्व्हर्टर यांची अखंड घरघर कानात भरते. तोच संच वाडीत नेऊन लावला की घरघर ओसरते आणि तिच्याखाली दबलेली माणसं ऐकू यायला लागतात. दुसरा संबंध अधिक खोल आहे. सूर्यावर मोठी खळबळ झाली की पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, आणि त्याच वेळी लघुलहरींचा रेडिओही बिघडतो. १८५९च्या सप्टेंबरमध्ये असं एक प्रचंड चुंबकीय वादळ झालं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात: जवळजवळ १,६०० नॅनोटेस्लाची घट. ही परंपरा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. हॅम लोक सकाळी संच सुरू करण्याआधी चुंबकीय निर्देशांक पाहतात, शेतकरी आभाळ पाहतो तसे.

आता मनोऱ्यांकडे येऊ. १९०१च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिक पलीकडची खूण ऐकल्याचं जाहीर केलं, तेव्हा न्यूफाउंडलंडला त्याची तार पतंगाने वर धरलेली होती, सुमारे दीडशे मीटर. त्या काळचा समज सरळ होता: जितकं लांब बोलायचं तितकी लांब लहर, तितका उंच मनोरा, तितकी जास्त वीज. म्हणजे तितका मोठा खजिना. हौशी मंडळींना या मोठ्यांच्या मधे लुडबुड नको म्हणून अमेरिकेने १९१२च्या कायद्याने त्यांना दोनशे मीटरच्या खालच्या, म्हणजे ‘निरुपयोगी’ लहरींवर ढकललं. मग गंमत अशी झाली की १९२३च्या नोव्हेंबरात सुमारे ११० मीटरवर एक फ्रेंच आणि एक अमेरिकी हौशी माणूस अटलांटिक ओलांडून एकमेकांशी बोलले. गावकुसाबाहेर दिलेल्या जमिनीतच पाणी लागलं म्हणा ना. मार्कोनीही त्याच सुमारास लघुलहरींकडे वळला होता. तिथून ‘बीम’ पद्धत आली: उभ्या तारांची रांग, मागे परावर्तक तारांचा पडदा, आणि सगळी शक्ती एकाच दिशेला.

त्या पद्धतीचं भारतातलं केंद्र कुठे होतं? आपल्या सह्याद्रीच्या पलीकडेच. १९२७मध्ये इंग्लंडशी बोलणारी सेवा सुरू झाली. पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ऐकणारं दौंडला. दोन केंद्रं इतकी लांब ठेवायचं कारण साधं आहे. स्वतःच ओरडत असताना दुसऱ्याचं कुजबुजणं ऐकू येत नाही. हे मनोरे साम्राज्याचे होते. त्यांच्यावरून तारा जायच्या त्या व्यापाराच्या, कापसाच्या भावाच्या आणि सरकारी हुकमांच्या. अलिबागच्या माणसाला मुरुडच्या माणसाशी बोलायचं असेल तर त्या मनोऱ्याचा काही उपयोग नव्हता. खडकीहून लंडन जवळ आलं होतं, मुरुड नाही.

त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. दीड किलोवॅटचं, आवाका जेमतेम तीस मैल. अलिबाग मुंबईहून सरळ रेषेत वीसेक मैल, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा उत्तरेकडचा पट्टा या आवाक्यात बसत होता. वर्षाला दहा रुपये परवाना भरायचा आणि ऐकायचं. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. ही पाटी पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली.

आता जरा आमच्या मूळ धंद्याकडे येऊ द्या. न्याय-वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलं. मग प्रश्न आला, तिकडे नगाऱ्यावर टिपरी पडते आणि इकडे आपल्या कानात नाद येतो, तो आला कसा? दोन दृष्टान्त दिले गेले. एक वीचीतरंगन्याय: तळ्यात खडा टाकला की एका लाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी वर्तुळं काठापर्यंत येतात. दुसरा कदंबमुकुलन्याय: कदंबाच्या कळीतून केसर एकदम सगळ्या दिशांना फुटतात, तसा नाद फुटतो. आता कोणी लगेच ‘म्हणजे आपल्याकडे रेडिओ होताच’ असं म्हणून टाळ्या वाजवू नका. ती मंडळी आवाजाबद्दल बोलत होती आणि त्यांचा वाद कानाबद्दल होता. पण अँटेना समजून घ्यायला हे दृष्टान्त आम्हांला फार उपयोगी पडले. उभी काठी तळ्यातल्या खड्यासारखी वागते. तिची वर्तुळं क्षितिजाच्या अंगाने पसरतात. आडवी तार जमिनीपासून थोड्याच उंचीवर बांधली तर ती कारंज्यासारखी वागते: वर जाते आणि आजूबाजूला पडते. कारंज्याचा दृष्टान्त न्यायशास्त्रात नाही, तो आमच्या पदरचा.

क्षितिजाचं गणित किनाऱ्यावरच्या कोळ्याला शिकवावं लागत नाही. दूरची होडी येताना आधी डोलकाठीचं टोक दिसतं, मग शीड, मग नाळ. रेडिओच्या अतिलघु लहरींचं तसंच. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, सव्वाचारच्या किंचित खालच्या आकड्याने, ४.१२ने, गुणा, की क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दहा मीटरला तेरा किलोमीटर. चाळीस मीटरला सव्वीस. म्हणजे आवाका दुप्पट करायला उंची चौपट. मनोरा महाग पडतो तो इथे.

याचा अनुभव तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या सगळ्यांनी घेतलाय. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. वरळीचा मनोरा सुमारे तीनशे मीटर, त्याचं क्षितिज एकाहत्तर किलोमीटर. त्यात तुमच्या छपरावरच्या दहा मीटरच्या पाइपाचे तेरा मिळवा, झाले चौऱ्याऐंशी. अलिबाग वरळीहून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, म्हणजे चित्र स्वच्छ. श्रीवर्धन शंभराच्या पलीकडे, म्हणजे पाइप कितीही चढवा, पडद्यावर मुंग्याच. ती अँटेना म्हणजे यागी, १९२६मध्ये जपानात उडा आणि यागी या दोघांनी काढलेली. नाव एकाचंच राहिलं. एक जण छपरावर पाइप फिरवतोय, दुसरा अंगणात, तिसरा टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं… गेलं!’ अँटेना दिशेने बोलते आणि दिशेने ऐकते, हे भौतिकशास्त्र उभ्या महाराष्ट्राने असं शिकलं. पुण्यासाठी मात्र १९७३मध्ये सिंहगडावर केंद्र करावं लागलं, कारण मध्ये सह्याद्री. तीनशे मीटरच्या मनोऱ्याचं त्या भिंतीपुढे काही चाललं नाही.

भिंत ओलांडायची दुसरी वाट आकाशातून जाते. जमिनीपासून शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर हवेचे विद्युतभारित थर आहेत. अ‍ॅपलटनने ते १९२४मध्ये प्रयोगाने सिद्ध केलं, आणि आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी त्यांचा अभ्यास आयुष्यभर केला. चाळीस मीटरची लहर दिवसा त्या थरांवर आपटून खाली परतते. हॅमना तिथे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झची पट्टी मिळाली आहे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता १९४२ येतंय.

१९३९मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने थांबले आणि आपले प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करा असे लेखी हुकूम निघाले. बहुतेकांनी जमा केले. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे त्या काळातले एक जाणते हौशी. छोडो भारतच्या ठरावानंतर नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली, आणि विशीतली उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी अशी मंडळी रेडिओ काढायच्या मागे लागली. प्रक्षेपक प्रिंटर यांनी जोडला, साहित्याला शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींची मदत झाली. २७ ऑगस्ट १९४२ला काँग्रेस रेडिओ बोलला: ‘४२.३४ मीटरवर, भारतात कुठून तरी’, अशी त्याची घोषणा असे. चौपाटी, लॅबर्नम रोड, गिरगाव, अशा जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले, जागा उघडी पडली, आणि १२ नोव्हेंबरला पारेख वाडीत प्रसारण चालू असताना धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, ती येरवड्याला. पुढे त्या मुंबईत राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

आता ४२.३४ मीटरचे मेगाहर्ट्झ करून बघा. ७.०८ होतात. म्हणजे आज सकाळी कोणी हॅम ज्या पट्टीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला, तीच ही. हा योगायोग नव्हे. हौशी माणसाने हौशीचं ज्ञान आणि हौशीचं सामान वापरून जोडलेला तो संच होता. त्या लहरीची अर्ध्या लांबीची तार करायची तर साधारण वीस मीटर लागते. वीस मीटर तार गुंडाळली की पिशवीत मावते. आम्ही हा विचार पुष्कळदा करतो: खडकीच्या मनोऱ्यांसारखा मनोरा लागला असता, तर काँग्रेस रेडिओ एक दिवसही टिकला नसता. त्यांना जिन्यावरून बिऱ्हाड हलवावं लागत होतं. मनोरा असेल तर बिऱ्हाड हलवता येत नाही.

आता आमची फजिती सांगतो. परवाना मिळाल्यावर आमच्याही डोक्यात मनोराच होता. नागावला आमच्या मावसभावाची वाडी आहे. तिथे वीस-वीस फुटांचे दोन जीआय पाइप जोडून चाळीस फुटी काठी उभी केली. सहा माणसं, एक शिडी, आणि सूचना देणारे अकरा. ताण दिले चार, पण सगळे टोकाला. मेअखेरचा पहिला वळवाचा वारा आला आणि पाइप बरोबर मधल्या सांध्यात वाकून पोफळींवर आडवा झाला. आमचा मावसभाऊ शांतपणे म्हणाला, ‘अरे, हे बोलायसाठी लावलं होतंस की सुपारी पाडायला?’

चूक कुठे झाली ते नंतर एका वीजमंडळाच्या निवृत्त लाइनमनने समजावलं. ते ताणाला ‘स्टे’ म्हणतात. स्टे टोकाला आणि मध्यावर असे दोन पातळ्यांवर हवेत, एकशेवीस अंशांवर तीन दिशांना, आणि खुंटी काठीपासून उंचीच्या निम्म्याहून जास्त अंतरावर. स्टेच्या तारेत मध्ये चिनीमातीचं अंडं घालायचं, म्हणजे तारेत वीज खेळत नाही. आणि सगळ्यात आधी विजेच्या लाइनकडे बघायचं. काठी उभी करताना कोणत्याही बाजूला पडली, तरी लाइनला शिवणार नाही इतकं अंतर असेल तरच खड्डा खणायचा. हा नियम मोडून माणसं मेलेली आहेत, त्यामुळे इथे विनोद नाही.

मग वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी साठ किलोमीटरला दर चौरस मीटरवर सुमारे सतरा किलो, एकशेवीसला एकोणसत्तर. टोकावर एक चौरस मीटरभर अडसर करणारी मोठी यागी असेल, तर सत्तर किलोंचा माणूस काठीच्या टोकाला लटकून हिसके देतोय असं समजा. उलट वीस मीटर लांब, दोन मिलिमीटर जाड तांब्याची तार. तिचा अडसर चार शतांश चौरस मीटर. एकशेवीसच्या वाऱ्यात तिच्यावर तीन किलोसुद्धा येत नाहीत. हा हिशेब आम्ही कागदावर मांडला त्या संध्याकाळी मनोऱ्याचं वेड बरंचसं उतरलं.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. चाळीस मीटरच्या लहरीची आडवी तार जमिनीपासून पाव लहर, म्हणजे साडेदहा मीटर उंचीवर बांधली तर काय होतं? तारेतून खाली गेलेली लहर पाव लांबी उतरते, जमिनीवर उलटते, पाव लांबी चढते. अर्धी प्रवासाची आणि अर्धी उलटण्याची मिळून एक पुरी. म्हणजे ती वर जाणाऱ्या लहरीला नेमकी जाऊन मिळते. सगळा जोर सरळ आकाशाकडे, आणि थरावर आपटून तो परत पडतो तो आपल्याच भोवतीच्या तीन-चारशे किलोमीटरांत. सह्याद्री मध्ये येतच नाही, कारण आपण त्याच्या डोक्यावरून जातो. साडेदहा मीटर म्हणजे पस्तीस फूट. माड त्याहून उंच असतो. पाच मीटरवर बांधली तरी थोडं नुकसान सोसून काम होतं. हाच जर दूरचा, जपान-युरोपचा शौक असेल, तर तार दुप्पट-चौपट उंच न्यावी लागते, आणि मग तुमचा आवाज जवळच्यांच्या डोक्यावरून निघून जातो. जवळच्या हाकेला टाळून लांब पडणारा हा मधला पट्टा हॅम लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अलिबागहून टोकियो ऐकू येतं आणि महाड येत नाही.

अलिबागहून महाड सरळ रेषेत पंच्याऐंशी किलोमीटर, श्रीवर्धन सदुसष्ट, पुणे शंभराच्या थोडं पुढे. हे आकडे उगाच सांगत नाही.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी शंभराच्या वर. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा… पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, काही गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाइलचा मनोरा उभा राहिला तिथेही वीज नसली, डिझेल संपलं की तो मुका होतो. वर टाळेबंदी, म्हणजे पुण्याहून उठून कोणी जाणार कसा? नागावचा फोन लागेना. मावसभाऊ आणि वहिनी, दोघंही पंच्याहत्तरीची, वाडीत एकटी. सहाव्या दिवशी निरोप आला की दोघं ठीक आहेत, पडवीचं छप्पर गेलंय आणि माड किती गेले ते मोजलेले नाहीत.

त्या पाच दिवसांत आमचा संच पुण्यात आमच्या टेबलावर होता. गाडीच्या बॅटरीवर चालणारा, उत्तम स्थितीतला. तार नागावच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेली. आणि दोन टोकांत मिळून परवाना असलेला माणूस एकच. आम्ही स्वतः. रेडिओला निदान दोन माणसं लागतात, हे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला सुचू नये, याची लाज वाटते ती अजून वाटते.

दुसऱ्या वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पूर, बंद रस्ते, बंद फोन, आणि बाहेरची मदत तिथवर पोचायला दुसरा दिवस उजाडला. एक तार असती तर माणसं वाचली असती, असा दावा आम्ही करणार नाही. तो खोटा ठरेल. पण निरोप रात्रीच घाट ओलांडू शकला असता का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

असं घडलेलं आहे म्हणून म्हणतो. २००४च्या डिसेंबरात हैदराबादच्या संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौस म्हणून अंदमानला गेले होते. तिथून दीर्घकाळ कोणी हॅम बोललेला नव्हता, त्यामुळे जगभरचे लोक त्यांच्याशी संपर्क व्हावा म्हणून टपून बसले होते. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलच्या गच्चीवर अँटेना लावलेल्या होत्या. २६ डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली. फोन गेले, आणि त्याच गच्चीवरून बेटांचे निरोप मुख्य भूमीला जाऊ लागले. तार तिथे हौसेची म्हणून होती. संकटासाठी म्हणून ती लावायला सांगितली असती, तर त्या सकाळी ती तिथे असती असं आम्हांला वाटत नाही.

आता परवानगीचं थोडक्यात. १८८५चा तार कायदा, १९३३चा बिनतारीचा कायदा, १९७८चे हौशींचे नियम, आणि आता २०२३चा नवा दूरसंचार कायदा. सरकारची भीती हळूहळू कमी होत गेली. १९८४मध्ये संचांवरचं आयात शुल्कही माफ झालं. तेव्हाचे राजीव गांधी स्वतः हॅम होते. आज अडवते ती सोसायटीची मासिक सभा. ‘किरणं येतील’, ‘इमारतीची शोभा जाईल’. त्याच गच्चीवर भाडं देणारा मोबाइलचा मनोरा चालतो, वीस मीटरची तार चालत नाही. वाडीत हा त्रास नाही. तिथे परवानगी लागते ती माडावर चढणाऱ्याची, आणि तो पावसात चढत नाही.

नागावला आता काय आहे ते सांगतो. वादळातून उरलेल्या दोन माडांच्या मध्ये तार आहे. एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला कप्पी, आणि कप्पीवरून खाली सोडलेल्या दोरीला वाळू भरलेला तेलाचा डबा. माड डोलले की डबा वर-खाली होतो, तार तुटत नाही. दोरी नायलॉनची. सुंभाची लावली होती, ती पावसात कुजली. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं, सांध्यात पाणी शिरतं, म्हणून दर दिवाळीला सांधे उघडून घासायचे आणि रबरी टेप नव्याने गुंडाळायची. वीज कडाडायला लागली की केबल संचातून काढून खिडकीबाहेर टाकायची. हे वहिनींना आमच्याहून चांगलं जमतं. दिवस मावळून थर विरळ झाला की चाळीस मीटर कधी कधी हात देत नाही. तेव्हा ऐंशी मीटरची दुप्पट लांब तार हवी, तिला तिसरा माड शोधतोय.

मावसभावाच्या नातीने गेल्या महिन्यात परीक्षा दिली. निकाल यायचाय. तोवर रविवारी सकाळी साडेआठला आम्ही पुण्याहून बोलतो, ती नुसती ऐकते आणि मोबाइलवर लिहून पाठवते: ‘ऐकू आलं, पण तुम्ही फार भरभर बोलता.’

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना आधी माइक द्या, ते मघापासून हात वर करून बसलेत.